जुन्या ठाण्यात राहायला येताय? आधी शेजार समजून घ्या, मग भिंतीला हात लावा

१९८८ साली लग्न होऊन मी डोंबिवलीच्या ब्लॉकमधून खारकर आळीत आले. घर दुमजली. खाली चुन्यात बांधलेल्या दीड हात जाडीच्या विटांच्या भिंती, वर सागाचा कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेली तक्तपोशी, त्यावर मंगलोरी कौलं आणि एका छपराखाली चार बिऱ्हाडं. अशा घरात कसं राहायचं हे मला सासूबाईंनी आणि खालच्या काकूंनी शिकवलं. आता चरई, महागिरी, टेंभी नाका, चेंदणी या भागांत नवी माणसं येतात. कुणी स्टेशन जवळ म्हणून भाड्याने खोली घेतं, कुणी जुनं घर आवडलं म्हणून विकत घेतं. तीच माणसं मला जिन्यात थांबवून तेच प्रश्न विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे एकदा नीट लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्या. या घरांत भिंत, छप्पर, पन्हळ, जिना यातलं काहीच एकट्याचं नसतं. तुमच्या बाजूने ठोकलेला खिळा पलीकडचा गिलावा पाडतो. तुमच्या मोरीचं पाणी खालच्यांच्या तुळईत, म्हणजे छताचा भार घेणाऱ्या आडव्या लाकडात मुरतं. म्हणून दुरुस्तीची सुरुवात गवंड्यापासून होत नाही, शेजाऱ्यापासून होते.

पहिला आठवडा : ओळख

सामान लावून झालं की त्याच आठवड्यात प्रत्येक दारात जाऊन या. हातात पेढे असले तर उत्तम, नसले तरी चालेल. वयाने मोठ्या माणसांना काका, काकू, आजी म्हणा आणि अहो-जाहो करा. चेंदणी कोळीवाड्यात घर घेतलं असेल तर मावशी आणि दादा हे शब्द तिथे जास्त आपलेसे आहेत. तिथे सुकं भाजल्याचा वास आला म्हणून नाक मुरडू नका. ती माणसं खाडीकाठी तुमच्या-माझ्या कितीतरी आधीपासून आहेत, १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली त्याच्याही आधीपासून.

ओळख झाली की चार साध्या गोष्टी विचारून घ्या : पाणी किती वाजता येतं, पंप कोण चालू करतं, मीटर आणि मेन स्विच कुठे आहे, कचऱ्याची गाडी कधी येते. आणि पाचवा प्रश्न मुद्दाम विचारा : "मागच्या पावसात आमच्या खोलीत कुठे गळत होतं?" याचं उत्तर घरमालकापेक्षा खालच्या मजल्यावरच्या आजींना जास्त अचूक माहीत असतं, कारण तुमच्याकडे गळलेलं शेवटी त्यांच्या आढ्याला डाग पाडून जातं.

आमच्या सासूबाई गळती दिसली की त्या जागी भिंतीवर कोळशाने छोटी फुली मारायच्या आणि खाली तिथी लिहायच्या. त्या गेल्यावर माळ्यावरची भिंत साफ करताना मला एकाच कोपऱ्यात सहा फुल्या सापडल्या, सगळ्या आषाढातल्या. त्या सहा फुल्यांवरून कळलं की दोष कौलांचा नव्हता. पश्चिमेचा वारा सुटला की पाऊस आडवा येतो आणि भिंत व छप्पर यांच्यामधल्या फटीतून आत शिरतो. ती फट बुजवली आणि कोपरा कोरडा झाला.

खोलीची एक किल्ली शेजारी ठेवायची सवयही याच आठवड्यात लावून घ्या. तुम्ही कामावर असताना जुलैत धो धो लागला आणि माळ्यावरचं पातेलं भरून वाहू लागलं, तर कुणीतरी आत जाऊन ते उपसायला हवं.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. भाड्याने येत असाल तर करार लेखी आणि नोंदणी केलेला असू द्या. पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन पुढे किरकोळ भाड्याने राहायची खोली घेत असाल तर जुन्या भाडेपावत्या, वीजबिलावरचं नाव आणि मालकाची लेखी संमती बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली आहे, म्हणून हे व्यवहार चोरून करायचं काही कारण नाही. घर विकत घेत असाल तर नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा आणि मालमत्ता कराची थकबाकी आहे का ते बघा. घर किंवा परिसर वारसा यादीत येतो का, हे महापालिकेच्या शहर विकास विभागात विचारून घ्या. तसं असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी परवानगी लागेल.

याच कायद्यात दुरुस्तीचंही कलम आहे. घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. मालक लक्ष देत नसेल तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतात, एकत्र येऊनही करू शकतात, आणि तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असून चालत नाही. पागडीच्या जुन्या भाड्यात ही रक्कम इतकी किरकोळ निघते की तिच्यात कौलांचा एक पट्टाही बदलून होत नाही. म्हणून नोटिशीच्या भाषेआधी मालकांशी बसून बोला. अनेक मालकही त्याच घरात राहतात, त्यांच्या आढ्यालाही तेच पाणी गळतं.

इमारतीला तीस वर्षं झाली असतील तर तिचं स्ट्रक्चरल ऑडिट नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणं बंधनकारक आहे. तो अहवाल झाला आहे का, आणि त्यात घर कोणत्या वर्गात आलं आहे, हे पैसे देण्याआधी विचारा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामं करायचं. सी-२ए म्हणजे रिकामं करून दुरुस्त करायचं. सी-२बी म्हणजे रिकामं न करता दुरुस्त करायचं. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

एक पावसाळा थांबा

नव्या घरात आल्याबरोबर रंग काढावासा वाटतो. काढू नका. एक अख्खा पावसाळा घराकडे बघत राहा. एक वही करा. पहिल्या मोठ्या पावसात बॅटरी घेऊन माळ्यावर जा, वाशांवर उजेड टाका, कुठला वासा ओला चमकतो ते लिहा. भिंतीवर ओल जमिनीपासून वर चढते आहे की छपरातून खाली उतरते आहे, ते बघा. खालून चढणारी ओल गुडघ्या-कमरेपर्यंत पट्ट्यासारखी दिसते. वरून येणारी एका जागी डागासारखी पसरते. दोघींवरचे उपाय अगदी वेगळे. या एका पावसाळ्यात जे कळतं, ते कुठला कंत्राटदार दहा मिनिटांच्या फेरीत सांगू शकत नाही.

भिंत

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण जुनी घरं सर्वात जास्त इथेच बिघडतात, आणि आमच्याकडूनही चूक इथेच झाली.

चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. पावसाळ्यात दमट होते, दिवाळीनंतर आपोआप सुकते. सिमेंटचा गिलावा तिला ओल सोडूच देत नाही. अडकलेलं पाणी मग वर चढतं, विटेतले क्षार पृष्ठभागावर आणतं, आणि पांढरी भुकटी दिसू लागते, जिला आपण लोणा लागला म्हणतो. शिवाय सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक असतं. ते सुटतं तेव्हा एकटं सुटत नाही, विटेचा चेहरा बरोबर घेऊन पडतं.

२००७ च्या उन्हाळ्यात आम्ही पुढच्या खोलीची भिंत सिमेंटने करून घेतली. काम करणाऱ्याने सांगितलं, "पंधरा वर्षं बघायला नको." पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्यात ओल गुडघ्यावरून कमरेपर्यंत आली. २००९ च्या दिवाळीची साफसफाई करताना कपाट सरकवलं, तर ताटाएवढा पापुद्रा खाली आला आणि मागे विटा लाल पिठासारख्या झालेल्या. मग चरईतल्या काकांनी त्यांच्या ओळखीचे एक वयस्क गवंडी आणले. त्यांनी एका दरजेत, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यात खिळा घातला, फिरवला, बाहेर आलेली भुकटी तळहातावर घेऊन मला दाखवली आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, ही भिंत दोन वर्षं कोंडून ठेवली होती तुम्ही."

त्यांनी जे केलं तेच क्रमाने सांगते.

आधी पाणी येतं कुठून ते शोधायचं. बहुतेक वेळा चार जागांपैकी एक निघते : फुटलेली पन्हळ, मोरीचा पाझर, भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंड्या, किंवा उंच झालेला रस्ता. हे शेवटचं कारण जुन्या ठाण्यात फार दिसतं. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि एके काळी दोन पायऱ्या चढून जायची घरं आता रस्त्याच्या पातळीला किंवा त्याखाली गेली. अशा ठिकाणी भिंतीला लागून पाणी वाहून जायला मोकळी चर ठेवावी लागते. ती फरशीने बंद करू नका.

मग सिमेंट पूर्ण खरवडून काढायचं, अर्धवट नाही. दरजा बोटभर खोल उकरायच्या आणि भिंत तशीच उघडी ठेवायची. आमची मार्चपासून मेच्या सुरुवातीपर्यंत उघडी होती. पाहुणे आले की लाज वाटायची, पण भिंत सुकली.

चुना तयार करायला वेळ द्यावा लागतो. कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना पाण्यात टाकला की पाणी उकळतं आणि उडतं. मुलांना लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. भिजलेला चुना गाळून, त्यावर पाण्याचा थर ठेवून तीन-चार आठवडे मुरू द्या. एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग वाळू व सुरखी, म्हणजे जुन्या भाजलेल्या विटांची कुटलेली भुकटी. वाळू खाडीची असेल तर तिच्यात मीठ असतं, गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय वापरलीत तर लोणा परत आलाच म्हणून समजा. आमच्या गवंड्यांनी पाण्यात थोडा गूळ कालवला होता, त्याने मिश्रण हाताला चिकट आणि लोण्यासारखं लागतं.

थर अर्ध्या इंचाहून जाड नको. एक बसला की दुसरा. आणि नंतरचे आठ-दहा दिवस भिंत हळूहळू सुकली पाहिजे. मी सकाळ-संध्याकाळ गोणपाट भिजवून लावत होते, पंखा बंद, खिडकीवर चादर. घाईने सुकवलेला चुना तडकतो. वर रंग म्हणून चुन्याचीच सफेदी द्या, पातळ तीन हात, थोडा डिंक घालून. प्लास्टिक रंग लावलात तर सगळी मेहनत पुन्हा कोंडली जाईल.

ती भिंत आजही उभी आहे. पावसाळ्यात दमट होते, तुळशीच्या लग्नापर्यंत सुकते.

लाकूड

तुळई सहसा मधे मोडत नाही. ती भिंतीत शिरते तिथे कुजते, कारण तिथे वारा लागत नाही. वर्षातून एकदा पेचकस घेऊन तुळईच्या दोन्ही टोकांशी टोचून बघा. साग चांगला असेल तर टोक जेमतेम रुतेल. आत सहज गेलं तर थांबा, अभियंत्याला बोलवा, आणि वरच्या बिऱ्हाडाला त्याच दिवशी सांगा. कुजलेलं टोक कापून नव्या सागाचा सांधा करता येतो, अख्खी तुळई बदलायची गरज नेहमीच नसते. मात्र हे काम ओळखीच्या सुताराच्या अंदाजावर सोडू नका. खांब, तुळई किंवा भार घेणारी भिंत बदलायची तर महापालिकेची परवानगी लागते.

वाळवी आली की भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात. नळी मोडून टाकली म्हणजे वाळवी गेली असं नाही. ती जमिनीतून येते, त्यामुळे औषध जोत्याशी मारावं लागतं आणि ते चारही बिऱ्हाडांनी एकाच वेळी मारावं लागतं. एकाने मारलं तर ती पलीकडच्या खोलीत जाते. दारं, खिडक्या, जिन्याचा कठडा यांना दोन-तीन वर्षांतून एकदा जवसाचं तेल पुरेसं आहे. ऑइलपेंटचे थरावर थर चढवले की जुन्या नक्षीच्या कडा बुजून जातात.

भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं असेल तर नुसतं उपटू नका, मूळ आत राहिलं की ते पुन्हा फुटतं आणि वीट फाकवतं. पिंपळ काढायला काही घरांत मन धजत नाही, त्या भावनेचाही मान ठेवा. आमच्याकडे आजी आधी हात जोडतात, मग रोप मुळासकट सोडवून कुंडीत लावतात आणि पुढे मोकळ्या जागेत नेऊन देतात. रोप चार पानांचं असतानाच हे करा.

छप्पर : सगळ्यांचं काम

कौलं दरवर्षी चाळायची असतात. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात हे झालं पाहिजे. मृग लागायच्या तोंडावर छपरावर चढणारी माणसं मिळत नाहीत. चाळणं म्हणजे एकेक कौल उचलून, झाडून, तडकलेलं बाजूला काढून पुन्हा बसवणं. मांजरं, वारा आणि मुलांचा चेंडू यांनी सरकलेलं एक कौल खालची रीप, म्हणजे कौलांखालची लाकडी पट्टी कुजवतं, आणि रिपेनंतर वासा.

हे काम एका बिऱ्हाडाने करून भागत नाही. आमच्या घरात दरमहा प्रत्येक बिऱ्हाड दोनशे रुपये एका डब्यात टाकतं आणि हिशेब जिन्याखालच्या वहीत लिहिला जातो. नवीन आलेल्यांनी पहिल्याच महिन्यात यात सामील व्हावं. तुमच्या घरी अशी वही नसेल तर तुम्ही सुरू करा, नव्या माणसाने सुरू केलेल्या गोष्टीला जुने वाद चिकटलेले नसतात. मिळून खर्च करायची ही रीत या भागात जुनी आहे. १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधलेल्या कोपिनेश्वराच्या देवळाची १८७९ साली दुरुस्ती झाली, ती लोकवर्गणीतून.

वजन आणि वीज

हजार लिटरची टाकी भरली की तिचं वजन एक टन होतं. लाकडी कडीपाटावर किंवा सज्जात पाचशे लिटरचीही ठेवू नका. पुस्तकांची कपाटं खोलीच्या मधे न ठेवता भार घेणाऱ्या भिंतीलगत, कड्यांच्या टोकांवर ठेवा. कपडे धुण्याचं यंत्र वरच्या मजल्यावर असेल तर त्याच्या हादऱ्याने खालच्यांचा गिलावा सुटतो. ते मोरीजवळ, भिंतीच्या कोपऱ्यात असू द्या.

एसी लावण्याआधी वीजवाहिनी बदला. लाकडी पट्टीतली जुनी तार एसीचा भार सोसत नाही, आणि आग लागली तर या घरांत ती एका खोलीपुरती राहत नाही. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या, ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच बसवा. बाहेरचं यंत्र सज्जाच्या लाकडावर टांगू नका आणि त्याचं पाणी नळीने खाली गटारापर्यंत न्या, भिंतीवरून ओघळू देऊ नका.

सण

जुन्या ठाण्यात सणांचं वेळापत्रक रस्त्यांवर चालतं. गुढीपाडव्याला स्वागतयात्रा, टेंभी नाक्याची दहीहंडी, आणि तिथलंच नवरात्र, जे आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलं. त्या दिवसांत नाक्यावर गाडी येत नाही, दवाखान्याची वेळ घेतली असेल तर चालत जाण्याच्या हिशेबाने निघा. दिवाळी पहाटेला तरुण मंडळी तलावपाळीला आणि राम मारुती रोडला लोटतात. याच टेंभी नाक्याला बेने इस्रायली या ज्यू समाजाचं शाआर हाशमायिम सिनेगॉग आहे, १८७९ सालचं, आणि तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली आहेत. आपल्या सणाबरोबर शेजाऱ्याच्या सणाची तारीखही दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. मोठी दुरुस्ती, ठोकाठोकी त्या दिवशी नको.

मुलं असतील तर पहिल्या महिन्यात मराठी ग्रंथ संग्रहालयाचं सभासदत्व घ्या. १८९३ पासून ते या गावात आहे, आणि जुन्या ठाण्याबद्दल वाचायला सुरुवात करायला दुसरी चांगली जागा मला माहीत नाही.

घर सोडावं लागलं तर

प्रत्येक घर वाचत नाही, हेही सांगितलं पाहिजे. सी-१ ची नोटीस आली तर जीव मुठीत धरून बसू नका, बाहेर पडा. पण त्याआधी तीन कामं करा. तुमच्या ताब्यातल्या खोलीचं मोजमाप महापालिकेकडून लेखी घ्या, कारण पुनर्विकासात तुमचा हक्क त्या आकड्यावर ठरेल. मालक आणि विकासक यांच्याबरोबरचा करार नोंदवल्याशिवाय किल्ली देऊ नका, आणि हे सगळ्या बिऱ्हाडांनी एकत्र ठरवा. तिसरं काम, घराचे फोटो काढून ठेवा : जिना, कोनाडे, देवळी, फरशीची नक्षी, दाराच्या कड्या.

आणि घर पाडणाऱ्याशी आधी बोलून कौलं, सागाची दारं, शहाबादी लाद्या उतरवून घ्या. डबराच्या ट्रकमध्ये गेलेलं मंगलोरी कौल परत मिळत नाही आणि शेजारच्या उभ्या घराला मेमध्ये त्याच मापाचं कौल हवं असतं. मागच्या गल्लीतलं घर गेलं तेव्हा आम्ही दीडशे कौलं हातोहात आणून परसात रचली. त्यातली चाळीसेक वापरली गेली. बाकीची अजून तिथेच आहेत, ताडपत्रीखाली. आळीत कुणाचं छप्पर गळत असेल तर येऊन घेऊन जा.